महानंदाबाईंचे पहारेकरी

सुनेला किडनी देणारी सासू म्हणून महानंदा मगदूम मिरजेत प्रसिद्ध झाल्या, त्याला आठ महिने होत आले होते. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते. पण सासूनं सुनेला दिली हे ऐकल्यावर लोक पुन्हा एकदा विचारून खात्री करून घ्यायचे. महिला मंडळानं सत्कार केला. मठात स्वामींनी भर सभेत नाव घेतलं. महानंदाबाईंनी हे सगळं ताठ मानेनं स्वीकारलं. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात काढलेल्या त्या बाई. गर्दीतल्या माणसांना पुढं सरकवायची आणि आपला शब्द शेवटचा ठेवायची सवय त्यांच्या हाडात मुरली होती.

शिवलीला ही त्यांची सून. द्राक्षबागांवर औषध फवारणारे चार ड्रोन तिच्या मालकीचे होते. कवठेमहांकाळपासून तासगावपर्यंतचे बागायतदार छाटणीनंतरच्या फवारणीसाठी तिच्या तारखा आधीच धरून ठेवत. तिशी ओलांडली आणि एका चिवट विकारानं तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. नवऱ्याला, बसवराजला, मधुमेह होता, त्यामुळे तो बाद झाला. माहेरी देण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. घरात चर्चा चालू असतानाच महानंदाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. "माझी घ्या. दोन आहेत, दोन्ही चालू आहेत." त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही शिवलीलाला विचारलं नव्हतं.

रोपण उत्तम झालं. त्या सुमारास अशा रुग्णांच्या दंडावर टपालाच्या तिकिटाएवढी एक पट्टी चिकटवायला सुरुवात झाली होती. कातडीखालचा द्रव तपासून ती किडनीचा आकडा दिवसभर फोनवर पाठवत राही. घरच्यांनाही तो आकडा आपल्या फोनवर घेता येई. महानंदाबाईंनी तो पहिल्याच दिवशी घेतला.

"पाणी पी. आकडा वर सरकलाय," बागेत काम करणाऱ्या शिवलीलाला त्यांचा फोन यायचा.

"आत्या, मी ड्रोन उतरवतेय." त्या भागात सासूला आत्याच म्हणतात.

"ड्रोन मागनं उतरव. माझी किडनी वाळली तर ड्रोन घेऊन काय करायचंय?"

'माझी किडनी' हे शब्द शिवलीलाला टोचत. पण ज्या बाईनं पोट चिरून घेतलं, तिला उलट काय बोलायचं? ती मुकाट्यानं बाटली तोंडाला लावायची. रागही गिळायची, पाणीही.

एका दुपारी बागेच्या बांधावर तिनं डबा उघडला आणि भाकरीचा पहिलाच घास छातीच्या मधोमध अडकला. तो जळत जळत खाली उतरला. तिला वाटलं, तिखट जास्त झालं असेल. दुसऱ्या दिवशी साध्या दहीभातानंही तसंच झालं. मग पोटात कळा सुरू झाल्या, जुलाब लागले. तिनं घरात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्यांनी तिला घरातच कोंडून ठेवलं असतं, आणि हंगाम ऐन भरात होता. फोनवरचा आकडा तर चांगलाच होता. पट्टीला फक्त किडनी दिसत होती. आतड्यात काय चाललंय हे तिला कळायची सोय नव्हती.

एका सकाळी संडासात रक्त पडलं, आणि शिवलीला तिथंच चक्कर येऊन खाली बसली.

*

डॉक्टर नौशीन पटवेगार या रोपणानंतर होणाऱ्या संसर्गांवर काम करत. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. पोटात दुर्बीण घालून काढलेली चित्रं त्यांनी पडद्यावर लावली तेव्हा खोलीत शिवलीला, बसवराज आणि महानंदाबाई असे तिघंही होते.

अन्ननलिकेच्या गुलाबी अस्तरावर ठिकठिकाणी खोल, गोल खड्डे पडले होते, जणू कुणी कागदाला भोकं पाडायच्या यंत्रानं पाडावेत तसे. जठरात दोन होते. मोठ्या आतड्यात तर मोजता येणार नाहीत इतके, आणि काहींतून रक्त झिरपत होतं.

"हे व्रण तिखटाचे नाहीत, पित्ताचे नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "व्रणाच्या कडेचा बारीकसा तुकडा आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हे बघा."

पडद्यावर काही फुगलेल्या पेशी आल्या. प्रत्येकीच्या मधोमध गडद ठिपका आणि त्याभोवती फिकट कडं. अंधारातून घुबडानं टक लावून पाहावं तशा त्या दिसत होत्या.

"आम्ही यांना घुबडाचे डोळेच म्हणतो. पेशीत सायटोमेगॅलो नावाचा विषाणू शिरला की ती अशी दिसते. तो आपल्याकडं शंभरातल्या नव्वद माणसांच्या अंगात असतो. लहानपणी शिरतो, थोडा ताप येऊन जातो, आणि मग जन्मभर गप्प पडून राहतो. शिवलीला उरलेल्या दहांतली आहे. तिच्या शरीरानं हा विषाणू कधी पाहिलाच नव्हता. त्यात नवी किडनी शरीरानं परकी म्हणून नाकारू नये यासाठी आपण तिची प्रतिकारशक्ती औषधांनी निजवून ठेवलीय. दार उघडं आणि राखणदार झोपलेला. रोपणाआधी हा धोका मी सांगितला होता. म्हणून तर सहा महिने प्रतिबंधक गोळ्या दिल्या. बहुतेकांचं तेवढ्यावर निभावतं."

"पण हा आला कुठनं?" बसवराजनं विचारलं.

डॉक्टरांनी पडदा बंद केला. "किडनीबरोबर."

बसवराजनं आईकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि लगेच मान वळवली.

"मावशी, यात तुमची चूक नाही," डॉक्टर घाईनं म्हणाल्या. "तुमच्या-माझ्यासारख्या नव्वद जणांच्या अंगात..."

पण महानंदाबाईंच्या कानात 'किडनीबरोबर' एवढंच घुमत राहिलं होतं.

*

पहिलं औषध पंधरा दिवस चाललं. व्रण थोडे आटले आणि पुन्हा पसरले. विषाणूनं स्वतःत एक बारीक बदल करून घेतला होता आणि औषध त्याला आता लागू पडत नव्हतं. दुसऱ्या औषधाचं तेच झालं. मग डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती निजवणारी औषधं कमी करून पाहिली. शरीर जागं झालं, पण त्याचा पहिला राग वळला तो किडनीवर. पट्टीचा आकडा चढायला लागला. औषधं वाढवली की किडनी सावरायची आणि आतड्यातून रक्त जायला लागायचं.

शिवलीलाला तोंडानं पाणीसुद्धा गिळवेना. शिरेतून अन्न द्यायला लागले. औषधानं भरलेला ड्रोन एकटीनं उचलणारी ती बाई. आता तिला कूस बदलायला नर्स लागत होती.

महानंदाबाईंनी मंडळात जाणं सोडलं. एकदा मंडईत ओळखीच्या बाईनं हळूच विचारलं, "किडनीतनंच रोग गेला म्हणे हो?" विचारणारीच्या मनात वाईट नव्हतं. पण हातातली मेथीची जुडी पुन्हा ढिगावर ठेवून महानंदाबाई तशाच घरी आल्या. त्या रोज दवाखान्यात जायच्या, पण खोलीत शिरायच्या नाहीत. दाराबाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. आपल्या अंगातून आणखी काहीतरी उडून तिच्या अंगात जाईल, अशी भीती त्यांना वाटू लागली होती.

शेवटी त्या एकट्याच डॉक्टरांकडं गेल्या.

"काढून टाका ती."

"काय काढू, मावशी?"

"किडनी. मी दिली, मीच सांगते, काढा. किडनी गेली की ती निजवायची औषधं बंद. मग तिचं शरीर आपलं आपण लढेल. हे खरं का खोटं?"

"खरं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तो मार्ग मी विचारात घेतलाय. जीव वाचायची शक्यता वाढेल. पण पुन्हा डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. आणि पुढं दुसरी किडनी मिळणं फार अवघड जाईल."

"जगेल तर खरी. काढा."

"मावशी, हे तुम्ही नाही ठरवू शकत. तिला विचारावं लागेल."

महानंदाबाई तडक उठल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सुनेच्या खोलीत शिरल्या. बसवराज उशाशी बसला होता.

"मी सांगून आलेय डॉक्टरना," त्या म्हणाल्या. "किडनी काढायची. नसती ब्याद दिली मी तुला. आता माझी मी परत घेते असं समज."

शिवलीलानं डोळे उघडले. तिचा आवाज कोरडा पडला होता, पण शब्द स्वच्छ होते.

"कुणाची किडनी?"

"माझी."

"नाही. तुमची होती. आता ती माझ्या पोटात आहे, माझं रक्त गाळते. आठ महिने तुम्ही मला तीच गोष्ट ऐकवताय. माझी किडनी, माझी किडनी! पाणी पी, झोप, ऊन खाऊ नको. मी काय तुमचं सामान ठेवायची खोली आहे?"

"शिवलीला!" बसवराज दचकून म्हणाला.

"बोलू द्या मला. बोलायला पुन्हा ताकद येईल की नाही माहीत नाही." तिनं दंडावरच्या पट्टीकडं बोट केलं. "ह्याचा आकडा आत्यांच्या फोनवर जातो तो आधी बंद करा. माझ्या पोटातलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं ते मी ठरवीन."

बसवराजनं आईकडं पाहिलं. महानंदाबाईंनी आपला फोन पिशवीतून काढून मुलाच्या हातात दिला आणि त्या बाहेर जाऊन बाकावर बसल्या. उभ्या आयुष्यात त्यांना असं कुणी गाडीतून उतरवलं नव्हतं.

*

संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर आल्या तेव्हा शिवलीलानं त्यांना एकच प्रश्न विचारला.

"आत्यांच्या अंगात हाच विषाणू पन्नास-पंचावन्न वर्षं आहे ना? मग त्यांना का नाही होत व्रण?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या.

"याच प्रश्नावर आम्ही सहा वर्षं काम करतोय," त्या म्हणाल्या. "नीट सांगते. शरीरातल्या प्रत्येक पेशीला बारीक बारीक खिडक्या असतात. आत जे काही बनतं त्याचे तुकडे पेशी त्या खिडक्यांत मांडून ठेवते. रक्तातल्या पहारेकरी पेशी खिडक्या बघत फिरतात. विषाणूचा तुकडा दिसला की ती आख्खी पेशी मारून टाकतात. तुझ्या सासूबाईंच्या रक्तात असे पहारेकरी आहेत, ज्यांनी लहानपणापासून या एकाच चोराची ओळख ठेवलीय. तो अधूनमधून डोकं वर काढतो, ते लगेच ठेचतात. त्यांना स्वतःला कळतसुद्धा नाही."

"मग ते पहारेकरी मला द्या की."

"तसेच्या तसे दिले तर ते तुझं सगळं शरीरच परकं समजून तुझ्यावर उठतील. पण पहारेकरी न देता नुसती त्यांची नजर देता येते. चोर ओळखणारा एक साचा त्या पेशीच्या अंगावर असतो. त्याचा आराखडा आपण त्यांच्या रक्तातून वाचायचा आणि तुझ्या स्वतःच्या पेशींत लिहायचा. पेशी तुझ्या, नजर त्यांची. लिहिताना आणखी एक बदल करायचा: निजवणारं औषध ज्या कडीला धरून पेशीला झोपवतं, ती कडीच काढून टाकायची. म्हणजे बाकीचं सैन्य झोपलेलं राहील, किडनी सुरक्षित राहील, आणि हे मूठभर पहारेकरी तेवढे जागे. त्यांना दुसरं काही ओळखताच येणार नाही, फक्त हा विषाणू."

बसवराज पुढं सरकला. "हे कुणाला केलंय?"

"जगात थोड्या जणांना. आमच्या केंद्राला परवानगी आहे, पण इथं शिवलीला पहिली असेल. आणि दोन अडचणी आहेत. खिडक्यांचे आकार माणसागणिक वेगळे असतात. सासूबाईंच्या पहारेकऱ्याला ज्या आकाराच्या खिडकीतून बघायची सवय आहे, तसली एक तरी खिडकी तुझ्या पेशींना असायला हवी. तुमचं रक्ताचं नातं नाही, तेव्हा ती असेलच असं नाही. दुसरी अडचण मोठी आहे. विषाणू किडनीतही दडलेला आहे. पहारेकरी तिथंही घुसतील. किडनी सुजेल. किती, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. फार झालं तर त्या नव्या पेशी मारणारं इंजेक्शन आम्ही तयार ठेवू. तासाभरात सगळ्या संपतील. पण मग उपचारही संपला."

शिवलीलानं उशीवरून डोकं उचललं. "करू या," ती म्हणाली.

पण महानंदाबाईंनी नकार दिला.

बसवराज बाहेर जाऊन बाकावर त्यांच्याशेजारी बसला आणि त्यानं सगळं समजावलं. त्या मान हलवत राहिल्या. "नको. एकदा दिलं, त्याचं काय झालं बघितलंस. आता पुन्हा माझ्यातलंच काढून तिच्यात घालायचं? उद्या त्यातनं आणखी काय निघालं तर? मला नाही जमायचं, बसू. दुसऱ्या कुणाचं तरी घ्या."

"दुसरं शोधायला वेळ कुठं आहे, आई?"

त्या पदराचं टोक पिळत बसल्या. सगळ्या गल्लीला धारेवर धरणारी आपली आई घाबरलेली बसवराज पहिल्यांदाच बघत होता. तो आत गेला. थोड्या वेळानं चाकाच्या खुर्चीचा आवाज आला. नर्स शिवलीलाला घेऊन येत होती. बाटली लटकलेली, अंगावर दवाखान्याची चादर. खुर्ची बाकासमोर थांबली. दोघींचे गुडघे जवळजवळ टेकले.

"आत जा," महानंदाबाई म्हणाल्या. "वारं लागेल."

"आत्या, सकाळी मी जे बोलले ते खरं बोलले. ते मी मागं घेत नाही."

"नको घेऊस. खरंच होतं ते."

"पण अर्धंच बोलले. किडनी तुम्ही न मागता दिलीत. मला नको म्हणायलासुद्धा जागा ठेवली नाहीत. म्हणून ती कायम तुमचीच राहिली." शिवलीला दम घ्यायला थांबली. "हे मी मागतेय. मला जगायचंय, आणि किडनीसकट जगायचंय. तुमचं रक्त द्या मला."

"आणि वाईट झालं तर?"

"तर मी मागितलं होतं म्हणून झालं. तुम्ही दिलंत म्हणून नाही."

महानंदाबाईंनी सुनेच्या हाताकडं पाहिलं. सुयांनी काळानिळा पडलेला तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"किती बाटल्या लागतील म्हणाल्या डॉक्टर?"

दोन लहान नळ्या पुरल्या. "एवढंच?" त्यांनी रक्त काढणाऱ्या मुलीला तीनतीनदा विचारलं.

*

खिडक्यांचा निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. डॉक्टर पटवेगार तो सांगायला स्वतः जवळजवळ पळत आल्या. सहा प्रकारच्या खिडक्यांपैकी पाच वेगळ्या होत्या. एक सारखी होती. आणि महानंदाबाईंच्या रक्तातले सगळ्यांत तगडे पहारेकरी नेमके त्याच खिडकीतून बघणारे निघाले.

शिवलीलाच्या पेशी काढून प्रयोगशाळेत नेल्या. तिथं त्यांत नवी नजर लिहिली गेली, त्यांची पैदास वाढवली गेली. तोवर तिला तगवून धरणं हीच मोठी लढाई होती. दोनदा रक्त चढवावं लागलं. महानंदाबाई आता खोलीत बसायच्या. काही सुचवायच्या नाहीत, सूचना द्यायच्या नाहीत. कंडक्टर असतानाच्या गमती सांगायच्या. एकदा एक म्हातारा बोकड घेऊन चढला आणि बोकडाला खिडकीची जागा पाहिजे म्हणून अडून बसला, हे त्यांनी इतक्या रंगात येऊन सांगितलं की शिवलीलाला हसताना पोट धरावं लागलं.

मग एका सकाळी छोटी, गढूळ पाण्यानं भरल्यासारखी एक पिशवी आली. चहाच्या कपात मावेल एवढाच ऐवज. पाऊण तासात तो शिरेतून आत गेला.

पहिले दोन दिवस काही घडलं नाही. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. "लढाई सुरू झाली," डॉक्टर म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा हसरा नव्हता. चौथ्या दिवशी शिवलीलाचा चेहरा सुजला, लघवी जवळजवळ थांबली. पट्टीचा आकडा दर तासाला चढत होता. पहारेकरी किडनीत उतरले होते.

डॉक्टरांनी नव्या पेशी मारणारं ते इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. "मला तुमचा निर्णय पाहिजे," त्या बसवराजला म्हणाल्या. "दुपारपर्यंत थांबता येईल. त्यानंतर किडनी परत येईल याची मी खात्री देणार नाही. आत्ता इंजेक्शन दिलं तर किडनी बहुतेक वाचेल, पण विषाणू मोकळा सुटेल."

तो आईकडं वळला. "आई, तू सांग. काय करू? तुझी..." तो अडखळला. "तुझीच आहे शेवटी."

"माझी नाही," महानंदाबाई म्हणाल्या. "पोट तिचं आहे. तिला विचार."

"ती तापात आहे, आई!"

"शुद्धीत आहे ना? मग विचार." आणि त्या स्वतःच सुनेच्या कानाशी वाकल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांनी एक अक्षर कमी-जास्त न करता सांगितलं. किडनी जाऊ शकते, हेही सांगितलं.

शिवलीलानं जड डोळे उघडले. "रक्तात विषाणू किती राहिलाय?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"सकाळच्या तपासणीत निम्म्यावर आलाय."

"निम्म्यावर." ती ओठ ओले करत म्हणाली. "मग ते काम करतायत. करू द्या. इंजेक्शन नको."

"नक्की?" डॉक्टरांनी विचारलं.

"नक्की. आत्या, तुम्ही इथंच बसा."

त्या बसल्या. दुपार झाली. आकडा अजून चढला. डॉक्टर दर थोड्या वेळानं येत, पडद्याकडं बघत, ट्रेकडं बघत. बसवराज व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. महानंदाबाईंनी सुनेचा हात सोडला नाही. ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आलं, आणि मग आकडा होता तिथंच थांबला. पुढच्या वेळी पाहिलं तरी तिथंच. चहाच्या वेळेला नर्सनं लघवीची पिशवी हातात उचलून उजेडात धरली आणि ती ओरडलीच, "मॅडम, भरायला लागली!"

डॉक्टर आल्या, पिशवीकडं पाहिलं, आकड्याकडं पाहिलं. तो एका दशांशानं खाली आला होता. त्यांनी ट्रेमधलं इंजेक्शन उचललं आणि नर्सला म्हणाल्या, "हे परत फ्रिजमध्ये ठेवा." मग त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि ओढणीनं डोळे पुसले.

*

पुढच्या आठवड्यात रक्तातला विषाणू यंत्राला सापडेनासा झाला. तीन आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. या खेपेला शिवलीलानं हट्ट धरला की तिला पडदा दिसला पाहिजे. तिच्या डोक्याशी सासू उभी होती.

अन्ननलिकेतून कॅमेरा खाली सरकत गेला. जिथं खड्डे होते तिथं नवं, तलम, गुलाबी अस्तर आलं होतं. कुठं कुठं फिकट डाग होते, एवढीच खूण. जठर स्वच्छ. मग खालून घातलेला दुसरा कॅमेरा मोठ्या आतड्याच्या वळणांतून फिरला आणि डॉक्टर प्रत्येक वळणावर 'नाही', 'नाही', 'इथंही नाही' असं म्हणत गेल्या. शेवटच्या वळणावर त्यांचा आवाज चढला होता.

"घुबडं उडाली!" महानंदाबाई म्हणाल्या, आणि ती गंभीर खोली हसण्यानं भरून गेली.

"आता मी काय खाऊ?" शिवलीलानं विचारलं.

"मऊ भात, वरण, पिकलेलं केळं," डॉक्टर म्हणाल्या.

"भडंग?"

"अजिबात नाही!" डॉक्टर आणि सासू एकदमच ओरडल्या.

त्या दिवशी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून आलेला मऊ भात शिवलीलानं चमच्यानं नाही, हातानं खाल्ला. प्रत्येक घास गिळल्यावर ती क्षणभर थांबायची, छातीत जळतंय का ते बघायची, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर दुसरा घास घ्यायची. दारात दोन नर्सा आणि सफाईवाल्या मावशी उभ्या होत्या. ताट रिकामं झालं तेव्हा त्या मावशींनी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

घरी जायच्या आधी डॉक्टर पटवेगार एक विनंती घेऊन आल्या. महानंदाबाईंच्या पहारेकऱ्यांचा आराखडा केंद्रात जपून ठेवायची परवानगी हवी होती. त्या आकाराची खिडकी असलेली माणसं देशात लाखोंनी होती. त्यांच्यातल्या कुणावर ही वेळ आली तर नव्यानं रक्त शोधायला लागणार नव्हतं.

"माझं नाव लावणार त्याला?" महानंदाबाईंनी विचारलं.

"तुमची इच्छा असेल तर लावू की."

त्यांनी थोडा विचार केला. "नको. नाव लावलं की माझं माझं म्हणायची सवय आहे मला." त्यांनी हसऱ्या डोळ्यांनी सुनेकडं पाहिलं. "असंच जाऊ दे. जिथं लागेल तिथं."

*

शिवलीलाची पुढची छाटणी चुकली नाही. बागायतदारांनी तारखा तिच्यासाठी रोखून ठेवल्या होत्या. सासू-सुनेची भांडणं पुन्हा सुरू झाली, आता दोन्ही बाजूंनी आणि मोठ्या आवाजात. शेजाऱ्यांना ती ऐकून बरं वाटायचं.

एका रविवारी तिघंही जेवायला बसलेले असताना डॉक्टर पटवेगारांचा फोन आला. महानंदाबाईंनी उजव्या हाताला खरकटं म्हणून डाव्या हातानं फोन कानाला लावला.

"मावशी, बातमी आहे. तुमची नजर दुसऱ्या माणसात चालली. नांदेडकडचे एक गृहस्थ आहेत. यकृत बदललं होतं. शिवलीलासारखेच व्रण, तसंच रक्त. औषधं थकली होती. परवा तपासलं, सगळं भरून आलंय. ते तुम्हाला भेटायला यायचं म्हणतायत, पाया पडायचंय त्यांना. नाव-पत्ता देऊ का?"

"नाव नको," महानंदाबाई म्हणाल्या. "पाया तर मुळीच नको. जेवायला लागले काय?"

"काल दोन पोळ्या खाल्ल्या म्हणे. आणि वर आमरस."

"आमरस!" त्यांच्या तोंडावर हसू पसरत गेलं ते डोळ्यांपर्यंत पोहोचलं. "मग झालं की. भरपूर खाऊ देत त्यांना."

फोन ठेवून त्या पुन्हा ताटाकडं वळल्या, पण घास काही तोंडाकडं जाईना.

"कोण जेवायला लागलं, आई?" बसवराजनं विचारलं.

"नांदेडकडं एक माणूस."

"आपल्या ओळखीचा आहे?"

"ओळख ना पाळख." महानंदाबाईंनी शिवलीलाच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. ती नको नको म्हणत असताना वाढली. "पण आपल्यातलाच आहे."